सांस्कृतिक वस्तूंचे प्रत्यर्पण

वसाहतींच्या राजवटीत लूट, नजराणा, खरेदी वा उत्खनन या मार्गांनी परदेशी संग्रहालयांत गेलेल्या वस्तू मूळ समाजाकडे परत सोपविणे, यास प्रत्यर्पण म्हणतात. कायदेशीर मालकी व नैतिक हक्क यांतील अंतर हा या प्रश्नाचा गाभा होय.

बुलढाणा जिल्ह्यातील डोणगाव ज्या तालुक्यात मोडते, त्या मेहकर तालुक्याच्या मुख्य गावी १८८८ मध्ये विष्णूची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती जमिनीखाली सापडली. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. मूर्ती लंडनला नेण्याचा सरकारचा बेत होता. तथापि हुकूम येण्यापूर्वीच लोकांनी तिची प्रतिष्ठापना केली, अशी स्थानिक परंपरा आहे. शार्ङ्गधर बालाजी या नावाने ती आजही पूजेत आहे. मूर्तीसोबत मिळालेले ताम्रपट व अलंकार मात्र इंग्रजांनी नेले, असेही ही परंपरा सांगते. प्रतिष्ठापनेमुळे पुराणवस्तूची देवता झाली व ती जागची हलली नाही. ताम्रपटांचे तसे नव्हते. मूर्ती कोणी घडविली, ती भूमिगत का केली, यांविषयीचा पुरावा अशा लेखांतूनच मिळू शकतो. वस्तू आणि तिचा पुरावा यांची ताटातूट ही वसाहतकालीन संग्रहाची एक मोठी हानी होय.

गेलेल्या वस्तू परत आणण्याचे महाराष्ट्रातील दोन अलीकडील प्रयत्न भिन्न स्वरूपाचे आहेत. सातारा येथील इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी जेम्स ग्रँट डफ याच्याकडील वाघनखे त्याच्या वंशजांमार्फत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयास मिळाली. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने, उसनी म्हणून, महाराष्ट्रात आली. अफजलखानाच्या वधात हीच वापरली गेली, याची ग्वाही ते संग्रहालय देत नाही. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सु. ४७ लाख रुपयांना मिळविली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती परदेशी गेली असावी, असा तर्क आहे.

उसनवारीत मालकी परक्याकडेच राहते. खरेदीत धारकाचा हक्क मान्य करून मोबदला द्यावा लागतो. विनामूल्य व कायमचे प्रत्यर्पण यांहून वेगळे, कारण मूळ संपादन अन्यायाचे होते ही कबुली त्यात अभिप्रेत असते. तेथे कायदा आड येतो. ब्रिटिश म्यूझियमच्या विश्वस्तांना १९६३ च्या अधिनियमानुसार, काही अपवाद वगळता, संग्रहातील वस्तू देऊन टाकता येत नाहीत. युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही.

बाहेर राहिल्यामुळे अनेक वस्तू टिकल्या व जगाला पाहता आल्या, हा संग्रहालयांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु जतन केल्याने मूळ संपादन न्याय्य ठरत नाही. शिवाय वस्तू कोणत्या मार्गाने आली, याच्या नोंदी बहुधा धारकाकडेच असतात. म्हणून पुराव्याचा सर्व भार मागणाऱ्यावर टाकणे अन्याय्य ठरते. त्या नोंदी खुल्या करणे ही प्रत्यर्पणाची पहिली पायरी होय.