मद्रासचे पीपल्स पार्क

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडणाऱ्या उतारूस वाहनांच्या गर्दीपलीकडे व्हिक्टोरिया पब्लिक हॉलची तांबडी वास्तू आणि तिच्या शेजारी महानगरपालिकेची शुभ्र रिपन इमारत दिसते. या भूमीवर एके काळी तळी, वृक्षराजी आणि फिरावयाचे रस्ते होते, हे कोणी सांगितल्यावाचून त्याला उमगणार नाही.

1859 साली मद्रासच्या गव्हर्नरपदी आलेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या उद्यानाचा पाया घातला. मद्रासेत बागांची वाण होती असे नव्हे; पण त्या साहेबांच्या आणि धनिकांच्या बंगल्यांभोवतीच्या. ब्लॅक टाउनच्या कोंदट गल्ल्यांत राहणाऱ्यांसाठी मोकळी जागा अशी ही पहिलीच म्हणावी लागेल, आणि नावही तसेच पडले : पीपल्स पार्क, लोकांचे उद्यान. सुमारे 116 एकरांच्या या विस्तारात अकरा तळी होती, बँडसाठी चौथरा होता. एडवर्ड बाल्फोर यांनी 1855 मध्ये एग्मोरच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात सुरू केलेला प्राणिसंग्रहही पुढे येथेच आला. मुंबईच्या भायखळ्याची राणीची बाग याच काळातली. वाघ-सिंह पाहण्यासाठी मुलाबाळांना घेऊन निघालेली कुटुंबे दोन्ही शहरांत सारखीच.

वर्षअखेरीस येथे मोठी जत्रा भरे. 31 डिसेंबर 1886 रोजी त्या जत्रेत आग लागली आणि चारशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. एवढे शहर त्या दिवशी त्या बागेत होते! उद्यान लोकांना काय वाटत होते, याचा इतका दारुण पुरावा दुसरा नाही.

मात्र कारभाऱ्यांच्या दप्तरात या गोष्टीला रकाना नव्हता. तेथे उद्यान म्हणजे शिल्लक जमीन. मग सभा-नाटकांसाठी हॉल आला. फेरीवाल्यांची सोय म्हणून 1900 साली मूर मार्केट उघडले. 1913 मध्ये नगरपालिकेचीच कचेरी उभी राहिली. पुढे क्रीडागार झाले. यातले एकही काम वाईट नव्हते, आणि खरी अडचण तीच आहे. लोभी बिल्डर आला असता तर शहर कदाचित चवताळून उठले असते. लोकहिताच्या नावाने मागितलेल्या जागेला ‘नाही’ कोण म्हणणार? त्यातून उद्यानाचा रखवालदारच त्याच्या अंगणात घर बांधून बसलेला. तळ्याकाठी बसणाऱ्या, बँड ऐकणाऱ्या, जत्रेला येणाऱ्या माणसांचा हक्क कोणत्याही नकाशावर आखलेला नव्हता. त्यामुळे तो मोडला गेल्याची नोंदही झाली नाही.

1985 साली प्राणिसंग्रहालय वंडलूरच्या प्रशस्त रानात गेले. जनावरांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. शहराच्या ऐन मध्यावरची, पायी जाता येणारी करमणूक मात्र हरपली. त्याच वर्षी मूर मार्केट आगीत भस्मसात झाले आणि तेथे रेल्वेची इमारत आली. मार्केटातल्या व्यापाऱ्यांना जवळच एक संकुल देण्यात आले. जुन्या पुस्तकांचे शौकीन वाट वाकडी करून तेथे जात राहिले. त्या संकुलाचे नाव लिली पाँड, कमळांचे तळे.