चेंडू धुण्याची मुभा

गोल्फच्या बॅगेच्या बगलेला, छत्री आणि रुमाल यांच्या शेजारी, कडीला अडकवलेली एक लहानशी प्लॅस्टिकची डबी हल्ली पुष्कळ खेळाडूंजवळ दिसते. मुठीत मावेल एवढा तिचा आकार असून तिची दोन अर्धुके बिजागरीने जोडलेली असतात. आतल्या पोकळीत चहूबाजूंनी आखूड, ताठ केसांचा ब्रश तरी बसवलेला असतो, नाहीतर मायक्रोफायबरच्या मऊ कापडाचे अस्तर तरी असते. चार थेंब पाणी घालून चिखलाने माखलेला चेंडू आत ठेवावा, डबी मिटावी आणि चेंडूला आतल्या आत दोनचार पिळे द्यावेत, की मातीचा लेप पाण्यात उतरतो आणि चेंडू स्वच्छ होऊन बाहेर येतो; मग तो कोरड्या कापडाने टिपून घेतला की काम संपले.

हे काम ओल्या रुमालानेही होते, आणि चिखल तर हा खेळ सुरू झाल्यापासून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर विपुल होताच. असे असता चेंडू धुण्याची सामग्री आधी टीजवळ, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ, ठाण मांडून का बसली, आणि तेथून उठून खेळाडूच्या खिशात यायला तिला इतका काळ का लागला, याचा उलगडा चिखलापाशी होत नाही, तो गोल्फच्या कायद्याच्या दफ्तरात होतो. गोल्फमध्ये चेंडू घाण होणे ही निसर्गाची बाब आहे. तो धुणे मात्र सर्वस्वी परवानगीची बाब आहे, आणि ही परवानगी जसजशी सैल होत गेली तसतसे धुण्याचे साधनही स्थलांतर करीत आले.

या दफ्तरातील पहिला कागद 1744 सालचा. स्कॉटलंडमधील लीथ येथील खेळाडूंनी एका स्पर्धेच्या निमित्ताने तेरा कलमांची एक संहिता तयार केली, आणि उपलब्ध असलेली गोल्फची सर्वांत जुनी लिखित नियमावली म्हणून तिची गणना होते. टीवरून जो चेंडू मारला तो बदलता येणार नाही, असे तिच्या एका कलमात आहे. आणि चेंडू पाण्यात किंवा पाणथळ घाणीत गेला तर तो बाहेर काढून मागे घ्यावा, पण त्याबद्दल प्रतिपक्षाला एक फटका द्यावा, असे दुसऱ्या एका कलमात आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे स्थिती स्पष्ट होते. टीपासून होलपर्यंत चेंडू कायद्याच्या अंमलाखाली असतो. त्याला बदलता येत नाही, मनाला येईल तेव्हा उचलता येत नाही, आणि घाणीतून सोडवायचा तर दंड भरावा लागतो. होलमधून तो बाहेर काढला की पुढच्या टीपर्यंतच्या चार पावलांपुरता मात्र तो मोकळा असतो. चेंडू धुण्याची वहिवाट या मोकळ्या चार पावलांत वाढली.

आरंभी मात्र धुण्यासारखा चेंडूच नव्हता. अठराव्या शतकातील चेंडू म्हणजे ओल्या कातड्याची शिवलेली पिशवी. तिच्या बारीक फटीतून टोपीभर उकडलेली पिसे लोखंडी सळईने ठासून भरीत, मग फट शिवून ती वाळत ठेवीत. वाळताना कातडे आकसे, आतील पिसे फुगत, आणि या परस्परविरोधी दाबातून दगडासारखा कठीण गोळा तयार होई; त्यावर पांढरा रंग चढवीत. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी असे तीनचार चेंडूच होत, त्यामुळे किंमत भारी आणि आयुष्य थोडे. पाणी हा त्याचा जन्मवैरी होता: भिजला की जड होई, टाके कुजत, आणि एखाद्या जोरदार फटक्याने उसवून पिसे वाऱ्यावर उडत. अशा चेंडूला स्नान घालणे म्हणजे त्याच्या मरणाला हातभार लावणे होय. तो पुसावा, वाळवावा, फार तर पुन्हा रंगवावा, एवढीच त्याची शुश्रूषा शक्य होती.

ही अडचण दूर झाली ती मलायाच्या अरण्यातील एका झाडाच्या चिकामुळे. सिंगापूरला शल्यवैद्य म्हणून असलेले विल्यम मॉन्टगोमेरी यांनी 1843 साली गटापर्चाचे नमुने लंडनला पाठवले, आणि पाच वर्षांच्या आत त्या पदार्थाचे चेंडू स्कॉटलंडच्या मैदानांवर दिसू लागले. या चेंडूच्या जन्माविषयी सेंट अँड्र्यूज गावात जी आख्यायिका सांगतात तिच्यात आपल्याकडील एका दैवताचा प्रवेश झालेला आहे. पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती त्या गावी पाठवण्यात आली. वाटेत ती भंगू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते, आणि रॉबर्ट ॲडम्स पॅटर्सन नावाच्या विद्यार्थ्याने ते तुकडे गरम पाण्यात मऊ करून त्यांचा चेंडू वळला, अशी ती कथा. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते हा प्रश्न वेगळा; परंतु चेंडूचा कच्चा माल पूर्वेकडून आला, ही गोष्ट निर्विवाद आहे.

नवा चेंडू स्वस्त होता, भरीव होता, आणि मुख्य म्हणजे पाण्याला डरत नव्हता. पिसांच्या चेंडूंचे सेंट अँड्र्यूज येथील नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन यांना या नवलाईचा इतका राग आला, की आपले साहाय्यक टॉम मॉरिस यांनी तो चेंडू खेळायला घेतल्याचे पाहून दोघांत बेबनाव झाला, आणि 1851 साली मॉरिस प्रेस्टविकला निघून गेले. काळाने मॉरिस यांची बाजू घेतली आणि पुढे रॉबर्टसन यांनाही तेच चेंडू करावे लागले. एक चमत्कार मात्र खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आला: गुळगुळीत, कोरा करकरीत चेंडू थोड्याच अंतरावर धपकन खाली येई, आणि फटके खाऊन ओरखडलेला जुना चेंडू मात्र सरळ आणि दूर जाई. तेव्हा कारागिरांनी नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम टोचे मारायला सुरुवात केली; पुढे साच्यातूनच नक्षी उमटू लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगभर बारीक उंचवटे असलेला चेंडू सर्वत्र रूढ झाला.

पृष्ठभागाच्या या खडबडीतपणातच धुण्याच्या निकडीचे मूळ आहे. चेंडूच्या उड्डाणाचे गणित मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न एडिंबरोचे पदार्थविज्ञानवेत्ते पीटर गथ्री टेट यांनी 1890 च्या दशकात केला, आणि मागच्या बाजूला फिरणाऱ्या चेंडूला हवा वर उचलून धरते हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर लेस्टर येथील विल्यम टेलर या भिंगांच्या कारखानदारांनी उंचवट्यांची नक्षी उलटी करून चेंडूच्या अंगावर खळ्या पाडल्या आणि 1905 साली त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. या खळ्या चेंडूलगतचा हवेचा पातळ थर खवळवून ठेवतात. खवळलेला थर चेंडूच्या पाठीला अधिक वेळ बिलगून राहतो, मागे ओढणारी पोकळी लहान होते, आणि खळ्यांचा चेंडू गुळगुळीत चेंडूच्या जवळजवळ दुप्पट अंतर कापतो. आजच्या चेंडूवर साधारणतः तीनशे ते पाचशे खळ्या असतात आणि एकेकीची खोली पाव मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्याशा खळीला बुजवायला मातीचा कितीसा लेप लागणार! एका बाजूच्या खळ्या बुजल्या, की दोन्ही बाजूंना हवा सारख्या रीतीने सुटत नाही, आणि चेंडू सहसा चिखलाच्या उलट दिशेला वळतो. डाव्या अंगाला चिखल असेल तर उजवीकडे जाण्याची तयारी ठेवावी, हे जाणत्या खेळाडूंचे अनुभवसिद्ध सूत्र आहे. शिवाय खळीत बसलेली माती वरवरच्या पुसण्याने निघत नाही, आणि तेथे ब्रशच्या केसांचे काम पडते.

धुण्याची जागा कोणती, हे 1744 च्या कलमांनी आधीच ठरवून टाकले होते. पूर्वी खेळाडू होलमधूनच चिमूटभर वाळू काढून टीसाठी तिची ढिगुळी करीत. पुढे टीची जागा वेगळी झाली तेव्हा तेथे वाळूची पेटी आणि पाणी ठेवण्याचा शिरस्ता पडला. ओल्या वाळूची ढिगुळी करून तीवर चेंडू ठेवणे हे बॅग वाहणाऱ्या कॅडीचे काम असे, आणि त्याच पाण्यात चेंडू बुचकळून पुसणे हेही ओघाने त्याच्याकडेच आले. काही बॅगांना ओला स्पंज घातलेली छोटी पिशवी लटकवलेली असे. आजच्या डबीची खरी आजी म्हणायची तर ती हीच. पुढे न्यू जर्सीचे दंतवैद्य विल्यम लोवेल यांच्या, चेंडू टेकवायच्या लाकडी खुंटीचा 1920 च्या दशकात प्रसार झाला, तशी वाळूची पेटी निरुपयोगी ठरली. पण चेंडू धुण्याची गरज शिल्लक होती, आणि तिच्यासाठी टीजवळ खांबावर बसवलेले यंत्र आले. साबणाच्या पाण्याने भरलेल्या अरुंद टाकीत समोरासमोर दोन ब्रश, आणि मधोमध वरखाली होणारी एक फळी. फळीच्या भोकात चेंडू बसवून दांडा आठदहा वेळा खालवर केला, की चेंडू ब्रशांवर घासला जाई. कायद्याने जेथे चेंडू मोकळा सोडला होता तेथेच हा खांब रोवला गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवर, कायद्याची पकड अजून घट्ट होती. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपल्या वाटेत आडवा आला, तरी दोन चेंडूंमधले अंतर सहा इंचांहून अधिक असल्यास तो उचलण्याची मागणी करता येत नसे; आपला चेंडू त्याच्यावरून उडवावा किंवा वळणाने न्यावा लागे. जेथे चेंडू उचलण्याचीच मुभा नाही तेथे तो धुण्याचे साधन बाळगून करायचे काय? ब्रिटन आणि अमेरिका येथील नियामक संस्थांनी 1951 साली एकत्र बसून नियमांचा समझोता केला तेव्हा आडव्या चेंडूचा हा नियम रद्द झाला, आणि 1960 च्या सुमारास ग्रीनवरचा चेंडू खूण करून उचलण्याची आणि स्वच्छ करण्याची सरसकट परवानगी मिळाली. 1968 च्या सुधारणेत हे धुणे एकदाच करावे अशी अट घालून पाहण्यात आली, पण ती फार काळ टिकली नाही. या एका परवानगीने खांबावरच्या यंत्राची मक्तेदारी संपली. खांब टीजवळ, आणि चेंडू धुवायचा ग्रीनवर. अर्थात साधन खेळाडूबरोबर चालत आले पाहिजे, ही निकड प्रथमच उत्पन्न झाली.

त्याच सुमारास कॅडीची संस्था पाश्चात्त्य देशांत मोडकळीस येत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारगाड्या मैदानावर आल्या, बॅग गाडीवर चढली, आणि ज्याच्या खांद्यावर ओला रुमाल असे तो माणूस खेळातून कमी होत गेला. त्याने निमूटपणे केलेली अनेक कामे आता मालकाच्या अंगावर पडली, आणि एकेका कामासाठी एकेक उपकरण बॅगेला लटकू लागले. चेंडूचे वेष्टनही बदलले: रंगाचे थर देऊन पांढरा केलेला जुना चेंडू खरखरीत घासला तर रंग उडे, 1960 च्या दशकात आलेले सर्लिनचे चिवट वेष्टन ब्रशला सहज तोंड देई. परवानगी मिळालेली, नोकर गेलेला आणि चेंडू टणक झालेला, अशा तिहेरी योगावर डबीचा संसार उभा राहिला.

नोकर न गेलेल्या प्रदेशात ही डबी कशी मागे राहते, हे आपल्याकडे पाहावे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 सालचा, म्हणजे ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना. तेथे चेंडू कोठे पडतो यावर नजर ठेवण्यासाठी पुढे धावणारा आगेवाला आणि बॅग वाहणारा कॅडी असा दुहेरी सरंजाम असे. छावण्यांतील कित्येक मैदानांवर गवताच्या ग्रीनऐवजी तेल मुरवलेल्या वाळूचे ब्राऊन असत, आणि त्यांवरून घरंगळलेला चेंडू तेलकट वाळूचा लेप घेऊनच होलशी पोचे. चेंबूरला 1927 साली बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला, त्या मुंबईत पावसाळ्याचे चार महिने चेंडूला कोरडी जमीन क्वचितच लाभते. घाटावर जावे तर दख्खनची काळी माती भिजली की डिंकासारखी चिकटते. म्हणजे धुण्याची गरज आपल्याकडे स्कॉटलंडहून तसूभरही कमी नव्हती. पण चेंडू थांबताच ओला पंचा घेऊन तत्परतेने पुढे येणारा माणूस आपल्या बहुतेक क्लबांत आजही हजर असतो, आणि जेथे तो हजर असतो तेथे डबी बॅगेच्या कप्प्यात तशीच पडून राहते.

खिशात शिरली म्हणून ही डबी स्वतंत्र झाली, असे मात्र समजू नये. 2019 साली नियमांची फेररचना झाली, तीत उचललेला चेंडू एरवी धुता येत असला, तरी ग्रीनबाहेर उचललेल्या चेंडूसंबंधी चार अपवाद कायम आहेत: चेंडू फुटला की काय हे पाहण्यासाठी उचलला, तो दुसऱ्याच्या खेळाच्या आड येतो म्हणून उचलला, किंवा विनादंड सूट मिळण्याजोग्या जागी तो पडला आहे का हे तपासण्यासाठी उचलला, तर तो धुता येत नाही, आणि चेंडू आपलाच आहे ना याची खात्री करण्यासाठी उचलला असेल, तर ओळख पटण्यापुरताच पुसावा. या मर्यादेचा भंग झाला तर एका फटक्याचा दंड. अतिवृष्टीच्या दिवशी स्पर्धेची समिती खास स्थानिक नियम करून फेअरवेवरचा चेंडू उचलून, धुऊन, पुन्हा ठेवण्याची सवलत देऊ शकते. पण ती सवलत समितीच्या हुकमाने त्या दिवसापुरती असते. एका प्रसंगी डबी उघडणे हा हक्क आणि दुसऱ्या प्रसंगी तीच उघडणे हा गुन्हा, असे असल्यामुळे ब्रशचे केस किती ताठ आहेत यापेक्षा आपण आत्ता कोणत्या कलमाखाली उभे आहोत, हे खेळाडूला अधिक नेमके ठाऊक असावे लागते.