टाकीवर जावा, पोटात येझदी

बेंगळुरूत जुनी जावा विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ओरिजिनल आहे सर, मॅचिंग नंबर." गाडी मरून रंगाची, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, कडेनं सोनेरी रेघ आणि दुपारच्या उन्हात डोळे दिपतील अशी लखलख. इतकी लखलख दिसली की माझा हात आपोआप गाडीच्या मानेकडे जातो. हँडल चेसीसला जिथे बसतं तिथे चेसीस नंबर असतो आणि क्रँककेसवर इंजिन नंबर. म्हैसूरच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडायची तेव्हा हे दोन्ही नंबर सारखे असायचे.

मी बेळगावचा, पण उमेदीची सगळी वर्षं जालहळ्ळीला एका टूलरूममध्ये गेली. आकड्यांचे पंच हातोडीनं ठोकणं हा तिथला रोजचा उद्योग. त्यामुळे खोटा नंबर ओळखायला मला भिंग लागत नाही. जुना आकडा कानसीनं घासला की ओतीव भागाचा खडबडीतपणा तेवढ्याच जागी नाहीसा होतो. नवे आकडे मग कुठे खोल, कुठे वरवर, ओळ सोडून बसतात. तरीही नंबर जुळला म्हणजे गाडी खरी, असं मी म्हणत नाही. जुन्या गाड्यांच्या या धंद्यात नंबरचं फार स्तोम माजलंय. मी त्यानंतर आरसी बुक मागतो आणि साल बघतो. १९७३ नंतरची नोंद असेल तर वाद तिथेच मिटतो, कारण त्या वर्षापासून म्हैसूरची गाडी येझदी या नावानं निघायला लागली. पहिल्या येझदी आणि शेवटच्या जावा यांत बाहेरून फरक थोडा. साहजिकच येझदीवर जावाची टाकी चढवायची आणि किंमत वाढवायची, हा सोपा मार्ग. शहरात अशा कितीतरी गाड्या फिरताहेत. त्यांच्या मालकांना मी काही सांगायला जात नाही.

जावा मुळात झेक. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडली. आपल्याकडे या गाड्या आधी आयात व्हायच्या. मग सरकारनं तयार गाड्यांच्या आयातीवर बंधनं आणली. ज्याला मोटारसायकल विकायची त्यानं ती इथेच बनवावी, असा तो काळ. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्डनं बुलेट सुरू केली, पुढे एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली. या दोहोंच्या मध्ये मुंबईच्या इराणी मंडळींनी, रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी, म्हैसूरच्या यादवगिरीत 'आयडियल जावा' उभी केली. कंपनी १९६० ची, उत्पादन १९६१ पासून. यादवगिरी म्हणजे तीच वस्ती, जिथे आर. के. नारायण यांनी घर बांधलं. कारखान्याचं उद्घाटन तेव्हाचे म्हैसूर राज्याचे राज्यपाल, महाराज जयचामराज वडियार यांनी केलं. बेंगळुरूत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं ज्या रस्त्यावर दाटीनं आहेत, तो जे. सी. रोड याच महाराजांच्या नावाचा. जावाचा पार्ट शोधत तिथे फिरताना हे आठवलं की मला हसू येतं.

गाडी होती मात्र वेगळीच. इंजिन २४९ सीसीचं, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. नवशिके दोन सायलेन्सर पाहून "डबल सिलिंडर का?" असं विचारतात, आणि विकणारा कधी कधी होही म्हणतो! सिलिंडरला धूर बाहेर टाकायला दोन तोंडं होती, म्हणून दोन नळ्या, एवढंच. ताकद १२ हॉर्सपॉवर. साखळी पूर्ण झाकलेली, त्यामुळे धोतराला किंवा पायजम्याला काळं लागायचं नाही. गावाकडच्या शिक्षकांना आणि डेअरीच्या लोकांना ही गाडी का आवडली, याचं एक कारण मला तरी हेच वाटतं. किक वेगळी नव्हतीच. गिअरचाच लिव्हर आत दाबायचा, वर वळवायचा आणि त्यावर पाय मारायचा. गाडी सुरू झाली की तो पुन्हा खाली आणायचा. गिअर बदलताना क्लच दाबला नाही तरी चालायचं, लिव्हर हलला की क्लच आपोआप सुटायचा. आजच्या पोरांना जावा सुरू करून दाखव म्हटलं की निम्मे इथेच अडकतात. आणि चावी? हेडलाइटवरच्या स्विचमध्ये खोचायची एक खुंटी. चावी हरवली तर खिळा घालून गाडी सुरू करणारे लोक मी स्वतः पाहिलेत. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घालायचं. माप चुकून जास्त पडलं तर मागचा माणूस धुरात गडप, कमी पडलं तर पिस्टन जाम.

आता खरी ओळख. सुरुवातीच्या गाड्यांचे बरेच भाग झेकोस्लोव्हाकियातून यायचे. यिकॉव्हचा कार्ब्युरेटर, पालचे विजेचे भाग, बारुमचे टायर. हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला. प्लग तर बेंगळुरूतच, आडुगोडीच्या मायकोत, म्हणजे १९५१ मध्ये बॉशच्या भागीदारीत सुरू झालेल्या कारखान्यात तयार होत होता. म्हणून मी गाडी खोलायला घेतो तेव्हा प्रत्येक भागावरचे शिक्के वहीत उतरवतो. एका गाडीत क्रँककेसवर परदेशी शिक्का सापडतो, शेजारचं झाकण देशी असतं, आणि दोन्ही कारखान्यातूनच तसे आलेले असतात. गिऱ्हाइकाला वाटतं कुणीतरी बदललंय. तसं नसतं. परकीय चलन वाचवायचं, परवान्यातली देशी भागांची टक्केवारी गाठायची, म्हणून आयडियल जावानं भाग जसे जमतील तसे इथे आणले. अशा गाडीला 'मिक्स' म्हणून भाव पाडणाऱ्या दलालांचा मला राग येतो. भेसळ दुकानदार करतो. ही तर सरकारी धोरणानं केलेली मिसळ आहे, आणि ती इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या वस्तूवर वाचायला मिळेल?

येझदीची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण शेवट सगळ्यांना माहीत आहे. १९७८ ला रोडकिंग आली, पोरं तिच्यासाठी वेडी झाली. १९८४ मध्ये बेंगळुरूपासून जेमतेम ४० किलोमीटरवरच्या होसूरला इंड-सुझुकी सुरू झाली. पुढच्या वर्षी हीरो होंडा आणि आरएक्स १०० आली. १०० सीसीची, हलकी, कमी पेट्रोलवर धावणारी गाडी समोर असताना टू-स्ट्रोक २५० घेणार कोण? वर प्रदूषणाचे नियम आले. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. गाड्या मागच्या अंगणात, गोठ्यात, गॅरेजच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, काही किलोच्या भावानं भंगारात गेल्या.

त्या गाड्या परत आणणारी माणसं बेंगळुरूत जमली. जुलैत शहरात जावा दिवस साजरा होतो तेव्हा शेकड्यांनी गाड्या येतात आणि मैदानभर ऑइलचा निळसर धूर पसरतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा नव्यानं बाजारात आली, आता फोर-स्ट्रोक, पिथमपूरला बनणारी. पण एका सिलिंडरला दोन सायलेन्सर त्यांनी राखले. तेव्हापासून जुन्या गाड्यांची मागणी आणखी वाढली. झेक प्रजासत्ताकातून नवे भाग मागवता येतात. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र लोक काय करतात, तर १९६८ ची म्हैसूरची गाडी घेऊन तिच्यावरचा देशी भाग एकेक काढून झेक भाग बसवतात. तयार होते ती गाडी म्हैसूरला कधी बनलीच नव्हती. यालाच आमच्या धंद्यात आता 'ओरिजिनल' म्हणतात.

कोल्हापूर, बेळगाव बाजूची एखादी गाडी आली की मागच्या मडगार्डला वेल्डिंग केलेली लोखंडी चौकट हमखास दिसते, दुधाच्या कॅनसाठी. फिटर पहिल्यांदा तीच कापायला निघतो. मी थांबवतो. बॅटरीचा खर्च वाचवायला कुणी बारा व्होल्टची तार ओढलेली असते, कुणी गिअर लिव्हर झिजल्यावर त्यावर पितळी पट्टी डाकवलेली असते. ही गाडी चाळीस-पन्नास वर्षं कुणाचं तरी पोट भरत होती, याचा दाखला तोच. क्रँकचं तसं नाही, तिथे भावना उपयोगाच्या नाहीत. टू-स्ट्रोकचा क्रँक प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो; कनेक्टिंग रॉड बदलायचा तर तो उघडावा लागतो आणि परत जुळवताना डायल गेज लावून दोन्ही बाजूंचा फरक मोजावा लागतो. हे काम नीट करणारे हात शहरात कमी उरलेत. जे आहेत त्यांतले बरेच कारखान्यांतून निवृत्त झालेले टर्नर, फिटर आहेत.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, चेसीस-बॉडी-इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज'. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला बंदी. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच या वयात बसतात. म्हणून हल्ली गाडी परत देताना मी मालकाला एक कागद देतो: कुठला भाग झेक, कुठला म्हैसूरचा, कुठला नवीन मागवलेला आणि कुठला माझ्या लेथवर बनलेला. कुणी तो जपून पाकिटात ठेवतं. परवा एक गृहस्थ वाचून म्हणाले, "काका, लेथवाली ओळ तेवढी खोडता येईल का?"