चित्र कोणाचे सरस?

धान्य घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. दाणा टपोरा आहे ना, हे तर बघायचेच. पण घरच्या माणसांना ते किती दिवस पुरेल, याचाही हिशेब मनात चालू असतो. घरी चित्रपट दाखविणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात असेच घडले.

१९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बेटामॅक्स हे यंत्र काढले. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम चुंबकीय फितीवर टिपून ठेवायचा आणि सवडीने पाहायचा, अशी ही सोय. पुढच्याच वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीने व्हीएचएस आणले. दोन्हींची फीत अर्धा इंच रुंद. पण एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात बसेना. मग वाद पेटला, चित्र कोणाचे सरस?

जाणकार म्हणत, बेटाचे. ते खोटेही नव्हते. पडद्यावर शेजारशेजारच्या किती उभ्या रेघा वेगळ्या ओळखू येतात, यावरून चित्राचा बारकावा मोजतात. बेटात त्या सुमारे २५०, तर व्हीएचएसमध्ये सुमारे २४०. घरच्या लहान पडद्यावर हा फरक शोधावाच लागे. दुसरा फरक मात्र कोणाच्याही ध्यानात येई. बेटाची पहिली कॅसेट तासाभरात संपे, व्हीएचएसची दोन तास चाले. सिनेमा अर्ध्यावर तुटला, तर त्या दहा रेघा काय कामाच्या? सोनीने १९७७ मध्ये फितीचा वेग निम्मा करून दोन तास साधले खरे. पण फीत हळू चालली की बारकावा घटतो. ज्याची ऐट मिरवायची, तेच गहाण पडले! अखेर १९८८ साली खुद्द सोनीने व्हीएचएस यंत्रे करावयास घेतली.

१९७८ मध्ये अमेरिकेत लेसर तबकडी आली. तिचे चित्र या दोघांहून कितीतरी स्वच्छ. पण तिच्यावर घरी काही टिपून घेता येत नसे. तीही मागेच राहिली.

आपल्याकडे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हिडिओ खेडोपाडी पोहोचला. वर्गणी काढून एका रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणायचे अन् उजाडेपर्यंत सिनेमे पाहायचे. कॅसेट पुष्कळदा नकलेची नक्कल असे, आणि अशा फितीची प्रत्येक नक्कल मुळाहून फिकी निघते. रंग ओघळत, पडद्यावर रेघा धावत. तरी अंगणातून कोणी उठत नसे.

१९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली. तिच्यावरचे चित्र अंकांत साठविलेले असते; त्यामुळे अंकांची नक्कल बिनचूक झाली, तर चित्र जसेच्या तसे राहते. २००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची झुंज लागली. बारकावा दोघांचा सारखाच, १९२० गुणिले १०८० बिंदू. तरी मोठ्या चित्रपट कंपन्यांनी ब्लू-रेला पसंती दिली आणि २००८ साली तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडून दिली.

बेटाच्या कॅसेटी २०१६ मध्ये बंद झाल्या. त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्रे करणे थांबविले. कॅसेटी मात्र आपल्या ट्रंकांत आहेत. कुणाचे लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन, गावच्या एखाद्या म्हाताऱ्या शाहिराचा आवाज त्यांत असेल. ओल लागली की फीत बुरसटते आणि काळ जाईल तसतशी तिच्यावरची नोंद क्षीण होत जाते. गुरुजींनो, चालते यंत्र आणि जाणता माणूस मिळतो आहे तोवर त्यांची अंकांत नक्कल करवून घ्या. चित्र फिके असेल, असू द्या. त्या माणसांचे दुसरे चित्र कोठे आहे?