भारी जोड



मराठी माणूस परप्रांती गेला म्हणजे त्याची पहिली फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी. अनोळखी शब्द कानी पडला तर तो थांबतो, दुसऱ्यास अर्थ विचारतो. ओळखीचा शब्द मात्र त्यास बेसावध गाठतो. नोकरीनिमित्त भिलाई-३ येथे आल्यावर माझीही अशीच फजिती झाली. शेजारचा एक पोरगेलासा तरुण सकाळी अंगभर माती घेऊन परतताना दिसे. एकदा मी त्यास सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आज पहलवानजी के साथ जोर किया." मराठीत जोर म्हणजे दंड, जमिनीवर हात टेकून छाती खाली-वर करण्याचा व्यायाम. दोघांनी शेजारी शेजारी दंड काढले असतील, असे मी समजलो. दंड काढणाऱ्याच्या पाठीस आणि कानामागे इतकी माती कशी, ही शंका मला आली नाही. हिंदी आखाड्यात 'जोर करणे' म्हणजे सरावाची लढत करणे, हे मला पुढे प्रत्यक्ष पाहिल्यावर कळले.

पाहिले ते असे. तो तरुण अवघा पंचावन्न किलो वजनाचा. आणि ज्यांना तो पहलवानजी म्हणे ते चरोद्याच्या रेल्वे यार्डात काम करणारे, वजनाने त्याच्या दुप्पट असलेले पन्नाशीचे गृहस्थ. पोरगा पटाला शिरे, गृहस्थ नुसते किंचित वाकत, आणि पोरगा त्यांच्या छातीखाली दिसेनासा होई. मग ते अंगाचा भार कोपरांवर घेत, त्यास श्वासापुरती जागा करून देत, आणि म्हणत, "निकल." तो निघे. पुन्हा शिरे. अर्ध्या तासात एकदाही त्याने त्यांना पाडले नाही.

लहान माणसाने थोराशी लढून काय शिकावयाचे? आणि थोराने त्यात काय मिळवावयाचे? कुस्तीच्या इतिहासाकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. इतिहासाला मैदान दिसते, फेटा दिसतो, चांदीची गदा दिसते. तालमीच्या अंधाऱ्या हौद्यात कोण कोणाखाली दबला, याची नोंद ठेवण्याचे कारण कोणास पडते?

मैदानात जोड बरोबरीची हवी, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचा आहार, त्यांची मेहनत, त्यांची प्रतवारी, सारे तेथे आले आहे. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक अशा त्या प्रती लावताना वय, शरीर आणि विद्या यांचा विचार केलेला आहे. वजनाचा काटा नव्हता, पण पारखी डोळा होता. गावच्या जत्रेत जोडी लावणारे पंच दोन पोरांचे दंड आणि मांड्या पाहून जे ठरवीत असत, ते याच परंपरेतले.

मात्र हीच बरोबरी तालमीत आली की शिक्षण थांबते, हेही वस्तादांना ठाऊक होते. कोल्हापूरच्या तालमीत तांबड्या मातीच्या एकाच हौद्यात मिसरूड न फुटलेला पोर आणि नावाजलेला मल्ल एकापाठोपाठ उतरत आले. बरोबरीच्या गड्याशी लढताना पोर बळावर निभावून नेतो. हाताची पकड सैल असली तरी चालते, पाय चुकीच्या जागी पडला तरी रेटून सावरता येते. दुप्पट वजनाच्या गड्यापुढे यातले काहीच चालत नाही. त्याला रेटता येत नाही, उचलता येत नाही, खाली सापडल्यावर ढकलून देता येत नाही. मग उरते एवढेच की त्याने पाऊल उचलले आणि त्याचा सारा भार क्षणभर एका पायावर आला, तर तो क्षण हेरावयाचा. पट काढणे, काखेखालून निकाल मारून पाठीवर जाणे, हे डाव हलक्या मल्लाच्या हाती शोभतात याचे कारण हेच. उलट सवारी भरणे, घिस्सा ओढणे, गुडघा मानेवर रोवून चीत करणे, ही भारदस्त अंगाची मिरासदारी. आणि भारी गडी अंगावर पडला तर बरगडी जाते, गुडघा जातो, मान लचकते; म्हणून कोणास कोणाच्या हाती द्यावयाचे याचा निर्णय वस्ताद स्वतः करी.

भारी जोड मिळालीच नाही तर काय करावे, याची एक कथा मराठी मुलखाने जपून ठेवली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१८ या काळात, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन आडदांड मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दरबारास आव्हान दिले. ते स्वीकारण्यास कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या लहानखुऱ्या ब्राह्मण तरुणाने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर अनुष्ठान केले, आणि तेथे हनुमंताने दृष्टान्तात त्यास खांबावरची कसरत दाखविली. परत येऊन त्याने अलीला लोळविले. ते पाहून गुलाबाने माघार घेतली. ही झाली परंपरा. दृष्टान्त ज्याचा त्याने मानावा. मला त्या कथेतला खांब विचार करण्याजोगा वाटतो. मल्लखांबाचा घाट पाहा: खाली जाड, वर निमुळता, त्यावर मान आणि मानेवर बोंड. ती माणसाचीच आकृती आहे. आणि कोणत्याही माणसाहून ताठ, जड आणि न हलणारी. ज्याला आपल्याहून भारी जोडीदार मिळाला नाही, त्याने तो लाकडाचा करून जमिनीत पुरला, असा मी त्या कथेचा अर्थ लावतो. खांबाला मिठी मारावी, पायांची तिढी घालावी, उलटे व्हावे, सुटावे, पुन्हा पकडावे. खांब दमत नाही, रागावत नाही आणि अंगावरही पडत नाही.

हा खांब कोठवर पोचला आहे याचे नवल वाटते. बाळंभटदादा आणि त्यांचे शिष्य कोंडभट गोडबोले यांच्याबरोबर तो काशीस गेला. आमच्या छत्तीसगडाच्या दक्षिणेस नारायणपूर जिल्ह्यातल्या अबुझमाडच्या वनवासी मुलांनी तो आता असा काही आत्मसात केला आहे की त्यांचा संघ २०२३ साली दूरचित्रवाणीवरील एका राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला. बिंबाजी भोसल्यांनी अठराव्या शतकात रतनपूरची गादी जवळजवळ तीस वर्षे सांभाळली; पण मराठ्यांची फौज अबुझमाडच्या अरण्यात हे कधी नेऊ शकली नसती.

असाच पेच सातासमुद्रांपलीकडे एका जपानी विद्यार्थ्यापुढे उभा राहिला होता, आणि त्याने तो अगदी वेगळ्या रीतीने सोडविला. जिगोरो कानो हा १८६० साली जन्मलेला, अंगाने किरकोळ, सव्वापाच फूटही उंची नसलेला तरुण. शाळेत दांडगट मुले त्रास देतात म्हणून त्यास जुजुत्सू शिकण्याची ओढ लागली, आणि टोकियो विद्यापीठात शिकत असता १८७७ च्या सुमारास तो फुकुदा हाचिनोसुके या गुरूकडे जाऊ लागला. तेथे फुकुशिमा नावाचा एक गुरुबंधू होता. थोराड, जाडजूड आणि बळकट. कानोने काही केले तरी तो हलेना. कानोने प्रथम सूमोचे डाव शोधले. ते त्याच्यावर चालले नाहीत. मग या विद्यार्थ्याने विद्यार्थ्यालाच सुचेल असा मार्ग पत्करला: तो ग्रंथालयात गेला. पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकात त्यास एक डाव सापडला. प्रतिस्पर्ध्याचा हात ओढून त्याच्या काखेखाली शिरावे, दुसरा हात मांडीत घालावा, आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन पलीकडे टाकावा. कानोने त्याचा अभ्यास केला, आणि एके दिवशी फुकुशिमा त्याच्या खांद्यांवरून खाली आला. पुढे १८८२ साली कानोने कोदोकान ही संस्था स्थापून जुदोची घडी बसविली, तेव्हा 'कता-गुरुमा' या नावाने हा डाव त्यात कायम झाला.

आपल्या तालमीतल्या कोणाही मुलाला हे वर्णन ऐकवा. तो म्हणेल, हा तर कलाजंग! टोकियोतल्या तरुणाला जे पुस्तकात शोधावे लागले ते आपल्या हौद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. यात अभिमानाचा प्रश्न नाही. मनुष्यदेह सर्वत्र सारखाच घडलेला आहे. लहान माणूस मोठ्याखाली कोठेही सापडला तरी त्याला वर येण्याच्या वाटा थोड्याच असतात. पण एक भेद मला खुपतो. कानोने आपली हार सांगितली, आपल्याला न हलणाऱ्या माणसाचे नाव सांगितले, म्हणून फुकुशिमा आज जगाला ठाऊक आहे. आपल्या मल्लांना घडविणाऱ्या अशा भारी गुरुबंधूंपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकू?

वजनाची किंमत कमी लेखण्याचा मात्र माझा हेतू नाही. लहान देहाने मोठ्यास पाडल्याच्या गोष्टी ऐकावयास गोड वाटतात, म्हणूनच त्या सांगताना सावध राहावे. गामा पहिलवानाचेच पाहा. उंचीने पाच फूट सात इंच; १९१० साली लंडनला गेला तेव्हा त्या उंचीमुळे त्यास स्पर्धेत घेण्यास खळखळ झाली. (वजनाने तो लहान नव्हता, दोनशे पौंडांचा तो ऐवज होता.) १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी त्याची गाठ पडली. आपल्याहून पुष्कळ जड असा तो मल्ल गादीला चिकटून राहिला, आणि सुमारे अडीच तास झटूनही गामास त्याला चीत करता आले नाही. विद्या होती, दम होता, पण नुसते पडून राहिलेले वजन उलथले नाही. १९२८ साली पतियाळास त्याच झिबिस्कोला गामाने मिनिटाच्या आत आस्मान दाखविले, हे सर्वांच्या तोंडी आहे. लंडनचे अडीच तास आपण सोयीने विसरतो.

आता कराडजवळच्या गोळेश्वर गावाकडे वळू. खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल; पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. म्हणजे घरच्या मातीत त्यांना आपल्याहून लहान जोड मिळण्याचा संभवच नव्हता. ज्याला बालपणापासून वरचाच गडी वाट्याला येतो त्याची कुस्ती चपळाईची होते. खाशाबांची ख्याती ढाकेबद्दल होती. प्रतिस्पर्ध्याचे डोके काखोटीस धरून, अंग फिरवून त्यास फेकण्याचा हा डाव ताकदीपेक्षा वेळ साधण्यावर उभा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते बावन्न किलोच्या आतील गटात लढून सहावे आले. गादीची त्यांना सवय नव्हती. मातीवर वाढलेला पाय गादीवर वेगळा पडतो. चार वर्षांनी हेलसिंकीस ते एक गट वर चढून सत्तावन्न किलोत उतरले. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

त्या गटाचे सुवर्णपदक ज्याने नेले तो जपानचा शोहाची इशी मूळचा जुदो शिकलेला. महायुद्धानंतर परकीय अंमलात जपानच्या शाळांतून जुदो बंद झाला, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे फुकुशिमाला पाडण्यासाठी ज्या विद्येची जुळवाजुळव सुरू झाली, त्या विद्येतला एक मल्ल आणि गोळेश्वरच्या मातीत थोरल्यांखाली वाढलेला एक मल्ल, हे दोघे हेलसिंकीच्या गादीवर समोरासमोर आले. तेथे काट्यावर दोघेही सारखे होते.

वजनगट आले ही न्यायाची गोष्ट झाली. त्यांवाचून खाशाबांना जगापुढे उभे राहावयास जागाच मिळाली नसती. परंतु मैदानाची ही वाटणी आता तालमीतही शिरू लागली आहे. सराव आपल्या वजनाच्या गड्याशीच करावा, दुखापत टळते, असे शिक्षक सांगतात. आणि दुखापतीविषयी ते चुकीचे नाहीत. भिलाई-३ च्या त्या तरुणासही कोणी असेच सांगितले असावे; कारण मध्यंतरी महिनाभर तो आखाड्याकडे फिरकला नाही आणि दुसरीकडे आपल्या गटातील मुलांबरोबर गादीवर जाऊ लागला. पहलवानजींनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. मी एकदा छेडले, तेव्हा ते म्हणाले की मुलाचे बरोबरच आहे, स्पर्धा गादीवरच होते.

मग मी त्यांना विचारले, आपल्याला कोणी शिकविले? ते हसले. त्यांच्या वेळी आखाड्यात एक हलवाई होता. त्याचे वजन कधी कोणी केले नाही, कारण दुकानातल्या तराजूत तो मावत नसे. सहा वर्षे ते त्याच्याखाली दबत होते. त्याला पाडले का, असे मी विचारणार होतो. पण तेवढ्यात तो पोरगा फाटकातून आत आला, त्यांच्या पायांना हात लावून त्याने कपाळाला माती लावली, आणि दोघेही हौद्यात उतरले.