लहरींचें गायरान

माजलगांवच्या एखाद्या घरांत सायंकाळीं मुलगी लॅपटॉपवर परीक्षेचा अर्ज भरावयास बसते, शेवटची मुदत मध्यरात्रीची असते, आणि नेमकी त्याच वेळीं वाय-फायची लहर डळमळूं लागते. सकाळीं ती सुरळीत होती! घरची मंडळी लॅपटॉपला दोष देऊन मोकळी होतात. पण या डळमळण्याच्या मुळाशीं थोडा इतिहास आहे.

लहरींचा लपंडाव या भागास नवा नाहीं. १९४८ पर्यंत माजलगांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्या वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं निजामानें युद्धबंदी जाहीर केली, ती नभोवाणीवरून. तेव्हांच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांबीच्या असत. रात्रीं त्या वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परतून दूरवर पोंचत, पण आवाज मधूनच चढे, मधूनच बुडे. तो दोष यंत्राचा नसे, आकाशाचा असे.

वाय-फायची लहर मात्र वीतभरहि नाहीं. २.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदास २४० कोटी आंदोलनें. लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. याहूनहि आंखूड लहरींचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास करून दाखविले होते. पुढें हा २.४ चा पट्टा अन्न तापविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या उपकरणांकडे गेला व दळणवळणास कमी प्रतीचा ठरला. १९८५ मध्यें अमेरिकेनें तो विनापरवाना संदेशवहनास मोकळा केला. १९९७ मध्यें वाय-फायचें पहिलें मानक निघालें. आणि २००५ मध्यें भारतानेंहि या पट्ट्यावरील परवान्याची अट उठविली.

अशा रीतीनें हा पट्टा गांवच्या गायरानासारखा झाला. कोणींहि आपलें जनावर सोडावें. पण दुसऱ्याचें जनावर आड आलें म्हणून फिर्याद करतां येत नाहीं. परवाना नाहीं, तसें संरक्षणहि नाहीं. रात्रीं सारे शेजारी घरीं परतले, कीं गायरानांत गर्दी होते.

म्हणून दोष शोधावयाचा तो क्रमानें. प्रथम लॅपटॉप राउटरला तारेनें जोडावा. तारेवरहि अडखळलें, तर बहुधा बाहेरून येणारी जोडणीच सदोष आहे. तारेवर ठीक असेल, तर तार काढून राउटरजवळ बसावें. तेथें फोन चालतो व लॅपटॉप चालत नाहीं, तर दोष लॅपटॉपचा. जवळ ठीक आणि आंतल्या खोलींत वाईट, तर जुन्या वाड्याची जाड दगडमातीची भिंत किंवा लोखंडी कपाट आड येत आहे. राउटर उंच व घराच्या मध्यावर ठेवावा. केवळ रात्रींच बिघडत असेल, तर गर्दी समजावी. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच धरतात: १, ६ आणि ११. त्यांपैकीं मोकळी निवडावी, अथवा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घ्यावा. तेथें गर्दी कमी. मात्र भिंतींतून तो कमी शिरतो.

शेजारच्या दोन घरांनीं या वाटा आपसांत वांटून घेतल्या, तर दोघांचेंहि काम होतें. गायरानाचा कारभार गांवानें असाच चालवावयाचा असतो. आणि मुलीचा अर्जहि मुदतींत जातो.