आधी डॅक की आधी प्रीअँप?

आमच्या अलोऱ्याच्या घरी जुन्या तबकड्या आहेत, आणि कॉम्प्युटरवरही ढीगभर गाणी. मग पैसे आधी कशावर घालायचे? मंडळी, उत्तर इतिहासात आहे.

१९८२ साली सीडी आली ती माप ठरवूनच: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. डॅकने या आकड्यांचं व्होल्टेज करायचं, बस्स. आज स्वस्तातला बरा डॅकही ते चोख करतो.

तबकडीचं तसं नाही. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच फार रुंद होते. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, वरचे स्वर चढवतात. फोनो प्रीअँप नेमकं याच्या उलट करतो, शिवाय सुईकडून आलेले पाचेक मिलिव्होल्ट शंभरेक पट वाढवतो. पण दाबायचं किती? १९५४ साली आरआयएएचं माप ठरेपर्यंत ज्या त्या कंपनीचा हिशोब वेगळा! आणि १९२५ च्या आधी तर विजेचं ध्वनिमुद्रणच नव्हतं, गायक कर्ण्यात गायचे. मग बालगंधर्वांची ७८ ची तबकडी आजच्या मापाने वाजवली, तर जो ऐकू येतो तो आवाज त्यांचा कितपत?

म्हणून आधी माप बदलता येणारा प्रीअँप आणि ७८ साठीची जाड सुई. डॅक साधा चालेल. असो!